अण्णांच्या चष्म्याला चालणारी काच

गड्यांनो, पुन्हा तेच लिहिलंत, आपल्या दुर्बिणीला जोरदार काच धाड, चांद मोठा दिसंल. मला न्हाई पटत. मागल्या खेपेला माझे वडील, अण्णा, चष्म्यासकट दुर्बिणीवर वाकले, 'दिसलं दिसलं' म्हणून बाजूला झाले. मागं रांग होती म्हणून तसं म्हणाले. दिसलं काहीच नव्हतं.

आज हैदराबादच्या दुकानात तिथल्या दुर्बिणीला डोळ्याकडच्या काचा लावून पाहिल्या. बारीक भोकाच्या काचेवर दुकानाच्या मुन्शीचा चष्मा आदळला.

"चष्मा निकालूं क्या मियाँ?"

"नको. अण्णांना चष्म्याबिगर सगळं वाकडं दिसतं."

मग मोठ्या तोंडाची लावली. चष्मा दूर राहिला, तरी अख्खा मिनार दिसला. मुन्शी हटेच ना.

तीच घेतली. चांद लहान दिसंल, पण अण्णांना दिसंल. माझं चुकलं का, सांगा. पगार त्यात गेला, म्हणून या म्हैन्याला घरी निजामाच्या हाली शिक्क्याचे चार रुपयेच धाडून राहिलो.