कुत्रीच्या माहेरची माणसं

आमच्या घरात कॅलेंडर स्वयंपाकघरात नाही, माझ्या खोलीच्या दारावर आहे, छातीच्या उंचीवर. त्याच्या मागे माझ्या भावाच्या मुठीएवढं भोक आहे. नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमधली आतली दारं दिसायला लाकडी असली तरी आतून पोकळ आहेत, त्यामुळे दादाला फार जोर लावावा लागला नव्हता. मी आत कडी लावून उभी होते. आधी दार नुसतं हललं, मग एका ठोशात त्याची बोटं माझ्या बाजूला आली. ती रक्ताळलेली होती आणि मागे जाईनात, कारण फाटलेल्या फळीचे कंगोरे आत वळले होते. तो बाहेरून शिव्या देत होता. शेवटी ते कंगोरे एकेक करून मीच मोडले आणि त्याचा हात सोडवला.

मी त्याचा चार्जर न विचारता घेतला होता.

दुसऱ्या दिवशी आईने भोकावर कॅलेंडर लावलं. खिळा त्या दारात टिकेना, म्हणून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली. त्यामुळे पान उलटता येत नाही. आमच्या दारावर महिना तोच राहिला.

ज्याची त्याची पद्धत ठरलेली होती. दादाचा आवाज चढला की बाबा रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवायचे. ते एका शिपिंग कंपनीत कामाला आहेत, ऑफिसात सगळे त्यांना शांत माणूस म्हणतात. काही फुटलं की आई कणकेचा गोळा घेऊन फरशीवर बसायची आणि बारीक काचा टिपायची. बऱ्याच घरांत असं कधीतरी होत असेल. आमच्याकडे तेवढ्यासाठी मळलेली कणीक फ्रीजमध्ये वेगळी असायची. मी खोलीत जायचे. बाहेर मला सगळे लाजाळू म्हणतात. इंग्लिश मीडियमची म्हणून भाव खाते, असंही म्हणतात. मी फक्त आवाज ऐकत असते, कुठून काय येतंय ते.

कुत्रं आणायची कल्पना आईची. साताऱ्याच्या मावशीने तिला फोनवर सांगितलं होतं की घरात मुकं जनावर असलं की रागीट माणूस मऊ पडतो. जेवताना आई म्हणाली, "आपण एक कुत्रं पाळूया का?" आणि दादाचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत तो तसा दिसला नव्हता.

"रॉटवायलर," तो लगेच म्हणाला. "द्रोणागिरीला आमच्या गोडाउनच्या मागे एक जण ब्रीडिंग करतो. एकदम प्युअर माल."

"अडॉप्ट करूया," मी म्हटलं.

जेवताना मी सहसा बोलत नाही, त्यामुळे तिघांनीही माझ्याकडे बघितलं. दिघ्याला एक ताई अपघातातली, टाकून दिलेली कुत्री सांभाळतात. मी दर रविवारी त्यांच्याकडे मदतीला जायचे, हे घरी माहीत होतं, पण त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

"आली समाजसेविका," दादा म्हणाला. "लोक विचारतील कुठली ब्रीड, काय सांगू?"

"दिघा शेफर्ड सांग," बाबा म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. आमच्या घरात हसताना प्रत्येक जण आधी दादाकडे बघतो. तोही हसत होता. म्हणाला, "ओके, बघून तर येऊ. नाय आवडलं तर रॉटवायलर."

ताईंचं ठिकाण डोंगराच्या पायथ्याशी, चाळींच्या मागे आहे. पत्र्याची शेड आणि शेजारी त्यांची राहायची खोली. तिथे एक तपकिरी कुत्री होती. पिल्लू असताना कोणीतरी तिच्या गळ्यात तार बांधून तशीच सोडून दिली होती, आणि ती मोठी होत गेली तशी तार मांसात रुतत गेली. तार काढली तरी गळ्याभोवती केस नसलेलं गुलाबी कडं राहिलं. कोणी झाडू उचलला की ती जमिनीला चपटी होऊन जागच्या जागी मुतायची. ताई तिला बाहेर काढूनच शेड झाडायच्या.

मला वाटलं होतं दादा नाक मुरडेल. तो तिच्यापासून लांब, पाठमोरा उकिडवा बसला. हात जमिनीवर उताणा ठेवला आणि तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ती आली आणि तिने त्याच्या तळहातावर हनुवटी टेकली. त्याने एका बोटाने तो वण चाचपला.

"कोणी केलं हे?" त्याचे डोळे भरले होते. "सापडू दे मला, हात तोडतो त्याचे."

"हात कुणाचे तोडू नको बाबा," ताई म्हणाल्या. "हिला सांभाळ फक्त."

"हिलाच न्यायची," दादा मला म्हणाला. "फिक्स."

मला हवं होतं तेच झालं होतं. परत येताना तो गाणं गुणगुणत होता. ऐरोलीच्या सिग्नलला एका रिक्षाचा आमच्या गाडीच्या आरशाला निसटता धक्का लागला. दादा उतरला. रिक्षावाला हात जोडत होता, तरी दादाने त्याची कॉलर धरली आणि त्याचं डोकं रिक्षाच्या दांड्यावर आपटलं, पुन्हा आपटलं. माणसाच्या कपाळाचा लोखंडावर होणारा आवाज फार मोठा नसतो. रक्त भुवईतून डोळ्यात उतरलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी बेल्ट लावून बसले होते. दादा परत आला, गिअर टाकला आणि म्हणाला, "तिला चिकन आवडत असेल ना?"

तेव्हा मला समजलं की आपण तिला कुठे नेणार आहोत. ब्रीडरचं की रस्त्यावरचं, हा वाद आम्ही घालत बसलो होतो. पण प्रश्न असा होता की या घरात मार खायला आणखी एक जीव आणायचा का.

ताईंचा एक नियम होता. कुत्रं द्यायच्या आधी त्या स्वतः घर बघायला यायच्या. आईने पोहे केले, सोफ्याची कव्हरं बदलली.

"कुत्रीच्या माहेरची माणसं येणार म्हणजे," बाबा म्हणाले.

"मग आपण मुलाकडचे," दादा म्हणाला. "आई, मान वर करून बस."

ताई आल्या, पोहे खाल्ले, बाल्कनीची जाळी हलवून बघितली. कोण किती वेळ घरी असतं, कुत्री कुठे झोपणार, ते विचारलं. मग साध्याच आवाजात म्हणाल्या, "राग आला की हात उचलतं का घरात कोणी?"

"छे हो," बाबा हसले. "शिकलेली माणसं आम्ही."

"नाही, नाही," आई म्हणाली. "आमचा मुलगा रागीट आहे थोडा, पण मनाने..."

"आई," दादा म्हणाला.

ताईंची नजर माझ्या दाराकडे गेली. "अहो, महिना बदललेला नाही," असं म्हणत त्या उठल्या.

"राहू दे!" आई इतक्या जोरात म्हणाली की बाबांचा हात रिमोटकडे गेला.

ताई थांबल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तू सांग. आणावी का मी तिला इथे?"

मला सगळ्यांसमोर बोलता येत नाही. शाळेपासून असंच आहे. मी उठले आणि कॅलेंडरची खालची आणि बाजूंची चिकटपट्टी ओढली. रंग घेऊनच ती निघाली. मी कॅलेंडर वर उचलून धरलं. भोकातून माझी खोली दिसत होती, पलंगाचा कोपरा आणि खिडकी. भोकाच्या कडेला रक्त काळं पडलेलं होतं. आईने ते कधी पुसलं नव्हतं, फक्त झाकलं होतं.

ताईंनी ते बघितलं आणि चपला घातल्या. "कुत्री नाही देता येणार," त्या म्हणाल्या. दारातून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

लिफ्ट खाली जाईपर्यंत दादा थांबला. मग पोह्यांची ताटली भिंतीवर फुटली. त्याने माझं मनगट धरून पाठीमागे पिळलं, आतून काहीतरी कट्कन वाजलं, आणि दुसऱ्या हाताने तो थोबाडीत मारत राहिला. माझ्या एका कानात शिट्टी वाजायला लागली. आई मध्ये आली, तिचा चष्मा उडून त्याच्या पायाखाली गेला. "घराची इज्जत काढते! एका कुत्रीसाठी!" तो ओरडत होता. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. प्रेक्षकांचा आवाज वाढत वाढत इतका झाला की मला दादाचे शब्द ऐकू येईनात. नुसतं तोंड दिसत होतं.

"बाथरूममध्ये पडली," आईने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी क्रेप बँडेज बांधलं.

पुढच्या रविवारी दादाने गाडीची किल्ली माझ्यापुढे हलवली. "चल द्रोणागिरीला. पिल्लू तूच निवड." ही त्याची माफी होती. नाही म्हटलं असतं तर त्या माफीचीच शिक्षा झाली असती, म्हणून मी गेले.

दादाच्या गोडाउनच्या मागे, कंटेनर यार्डाला लागून, लोखंडी पिंजऱ्यांची रांग होती. ब्रीडरने आम्हाला काहीच विचारलं नाही. घर कसं, घरात कोण कोण, कुत्रं कशाला हवंय, काही नाही. "नर की मादी?" एवढंच. पिल्लांची आई पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पडून होती. तिची थानं लोंबून जमिनीला घासली होती, पायांना जखमा होत्या. ब्रीडरने पाइप आत घालून तिला ढोसलं. "ऊठ, साहेबांना बॉडी दाखव." तिला उठता येईना. त्याने पिल्लू उचललं तेव्हा ती गुरगुरली, तसा त्याने पाइप फिरवला आणि सरळ तिच्या नाकाडावर हाणला. तिच्या तोंडातून रक्ताची तार लोंबायला लागली. ती ओरडलीसुद्धा नाही.

दादाने पाइप त्याच्या हातातून हिसकावला. पहिला फटका दंडावर बसला, दुसरा पाठीवर. माणूस चिखलात पडला, पिल्लू त्याच्या हातून सुटून गाडीखाली पळालं. दादा त्याला मारत होता आणि रडत होता. "तिला लागत नाय का? तिला लागत नाय का रे?" पिंजऱ्यांतली सगळी कुत्री एकदम भुंकत होती. मी एका हाताने दादाचा शर्ट ओढला. यार्डातून माणसं धावत येताना दिसली तेव्हा त्याने पाइप टाकला.

आम्ही कुत्र्याशिवाय निघालो.

"मुकं जनावर," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बोलता येत नाय त्याला. त्याला मारतो, साला."

बँडेज बांधलेला हात माझ्या मांडीवर होता. गिअर बदलताना दादाचं कोपर त्या हाताला लागत होतं.

"दादा," मी म्हटलं, "माझा हात बघ."

त्याने बघितलं. मग समोर बघितलं. पुढे एक ट्रेलर चालला होता, तो त्याने लांब जाऊ दिला.

"तू मुद्दाम करतेस," तो म्हणाला. त्याने गाडी कडेला घेतली. "उतर."

मी उतरले. तो गेला.

त्या रस्त्यावर फक्त ट्रेलर असतात. एक गेला की धूळ खाली बसायच्या आत दुसरा येतो. मी आईचा नंबर काढला, तो बघत उभी राहिले, आणि ताईंना फोन केला. कुत्री आणायच्या व्हॅनमधून त्या आल्या. व्हॅनला ओल्या गोणपाटाचा वास होता.

"घरी सोडू?"

"नको."

त्यांनी व्हॅन दिघ्याच्या दिशेने वळवली. "माझ्याकडे एकच खोली आहे. कुत्र्यांचा वास येतो. मी घोरते. आधी नीट बघून घे, नाही आवडलं तर सांग."

मला आवडलं. आता तपकिरी कुत्री माझ्या पायाशी झोपते. मी झाडू दाराबाहेर ठेवते आणि खोली ओल्या फडक्याने, जमिनीवर बसून पुसते. ती फडक्याच्या मागे मागे फिरते.

आईचा फोन दुपारी येतो, दादा कामावर असताना. ये, म्हणते. मी विषय बदलते. काल सुट्टी होती, तरी तिने केला.

"एक सांगू?" ती हळू बोलत होती. "त्याने कुत्रीला नसतं मारलं गं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तिला नसतं मारलं."

तिच्या मागे टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, शब्द कळत नव्हते. मग ते कळायला लागले. कुठल्यातरी पुलाबद्दल बोलत होते. आवाज वाढत गेला, आणखी वाढला, इतका की निवेदिका माझ्या कानात ओरडत होती.

"ठेवते," आई म्हणाली.

मी बाहेर आले. ताई तांदूळ निवडत होत्या. "ताई, आणखी एकीसाठी जागा होईल का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि व्हॅनची किल्ली घेतली. आम्ही नेरूळला सारसोळ्याच्या वळणापर्यंत आलो. तिथून आमची बिल्डिंग दिसते. मी बँडेज सोडून खिशात ठेवलं, म्हणजे आईला धरायला दोन्ही हात राहतील.