सुरेशमामाने मागितलेली अळणी भाजी

माझ्या सुरेशमामावर अन्याय झाला तो जूनच्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी साडेबारा वाजता, महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. मामा जाऊन पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, "दाब वाढला, गेला. नशीब." नशीब कसलं? त्या दिवशी रांगेत असलेल्यांनीच मला सगळं सांगितलंय.

दोन वर्षांपूर्वी पोलादपूरच्या डॉक्टरांनी मामाला उच्च रक्तदाब सांगितला. मी गावोगाव आरोग्याची पत्रकं छापून वाटायचे, एक त्याच्याही हातात दिलं. वाचून म्हणाला, "मीठ कमी, तंबाखू बंद, रोज चाला... मग जगायचं कशाला गो?" पण केलं सगळं. आमच्या बौद्धवाडीत पावसाळा सुकट-बोंबलावर निघतो, त्या माणसानं सुकट सोडली. शालनमामी मीठ घालायच्या आधी त्याची वाटीभर भाजी काढून ठेवायची, वर लिंबू पिळायची. पहिला महिना तो वाटीकडे शिक्षा झाल्यासारखा बघायचा. पुढे आमच्याकडे जेवला की मलाच म्हणायचा, "काय गो, समुद्र ओतलास काय?" गोळी चालू, चालणं चालू... दाब उतरला. वाडीभर सांगत फिरला.

मग मामा कामाला होता त्या कारखान्यात नियम आला, बाहेरचा डबा आत न्यायचा नाही. औषधं बनतात, स्वच्छता हवी. बरं. पण आत मिळतं काय? खारट आमटी, लोणचं, पापड. त्या बुधवारी मामा कॅन्टीनवाल्याला म्हणाला, "भाऊ, मीठ टाकायच्या आधी माझी वाटीभर भाजी काढत जा. डॉक्टरांचा कागद हाय."

"जावई हायस काय रे? सासुरवाडीला जा जेवायला!"

रांग हसली. सुपरवायझर हसला. कागदाची घडी कुणी उघडलीसुद्धा नाही. "आम्ही पण हसलो, ताई," त्याच्या पाळीतला एक जण खाली बघत म्हणाला.

मामानं पुन्हा मागितलं नाही. घरीही बोलला नाही. काही दिवस नुसता भात खाल्ला, पण आठ तास उभ्यानं काम, भूक लागतेच... मग सगळ्यांसारखं जेवू लागला. दोन महिन्यांनी मशीनपाशी कोसळला. मेंदूत रक्तस्राव. एका आमटीनं माणूस मरत नाही, मलाही कळतं. पण रोजची आमटी, आणि रोज गिळलेला तो अपमान?

कारखान्याचा माणूस दारात येऊन म्हणाला, "घरचाच आजार होता ना?" मामी एवढंच बोलली, "घरी तर उतरला होता."

'मीठ कमी खा,' असं मी हजारदा छापलं. स्वयंपाक दुसऱ्याच्या हातात असेल तर काय करायचं, ते एकदाही नाही. ते आता लिहिते. तुम्ही कॅन्टीनमध्ये जेवत असाल, तर उद्याच पाळीतल्या सगळ्यांनी मिळून सांगा, मीठ टाकण्याआधी एक पातेलं वेगळं काढा. आणि एखादा एकटाच मागत असेल, तर हसू नका. ताट घेऊन त्याच्या बाजूला उभे राहा, पातेलं येईपर्यंत हलू नका.