ऑर्डिस सापडली त्या सकाळचे निळे

हालवर रोगनेस हा काही फार बोलका माणूस नव्हता, आणि जे काही बोलायचा तेही बायकोने बंद केलं. "तोंड बंद, शेंगा चालू," हा ऑर्डिसचा नियम. सुपीरियर सरोवराच्या काठावर, गाव संपून स्प्रूसच्या उंच सूचीपर्णी झाडांचं जंगल सुरू होतं तिथे त्यांचं घर. खनिजाच्या रेल्वेतली नोकरी संपल्यावर हालवरने जो कॅमेरा हातात घेतला, तो एकोणीस वर्षं एकाच पक्ष्यावर रोखला: ब्लू-जे. घरात त्यांना नुसतं 'निळे' म्हणत.

लोकांना वाटे, फोटो हालवर काढतो. बटण तो दाबायचा, एवढंच खरं. पक्षी आणायची ती ऑर्डिस. पत्र्याच्या डब्यात भुईमुगाच्या शेंगा खुळखुळवत, तपकिरी जाड कोट घालून ती ओंडक्यावर बसायची. अर्ध्या तासात निळे तिच्या बुटांपाशी. प्रत्येकाच्या गळ्याभोवतीची काळी रेघ वेगळी असते. त्यावरून ती एकेकाला ओळखायची आणि फोटोमागे नाव लिहायची. पुढे तिला नातवंडांची नावं आठवेनाशी झाली, स्टोव्ह बंद केला की नाही हे आठवेनासं झालं, पण निळ्यांच्या बाबतीत चूक नाही. डॉक्टरांना याचं नवल वाटलं. हालवरला मुळीच नाही. नातवंडं वर्षातून एकदा येत.

सप्टेंबरातल्या एका सकाळी तो उठला तर पलंगाची तिची बाजू गार होती. मागचं दार उघडं. खुंटीवरचा तपकिरी कोट नव्हता, तिचे बूट मात्र जागेवर. बाहेर सरोवरावरून आलेलं धुकं, पाणी गोठायला दोनच अंश बाकी.

आठ वाजेपर्यंत शेरिफच्या ऑफिसातली दोन माणसं आणि गावातले अकरा जण जमले. प्रत्येकाला नारिंगी जाकीट मिळालं. हालवरनेही ते अंगावर चढवलं. शेजारी वॉली काँगस हा गावातला सगळ्यात जुना शिकारी, आणि आवाजाने सगळ्यात मोठा. त्याने कोणाला विचारलं नाही, सरळ सूत्रं हातात घेतली.

"ऐका! निळे कुठे ओरडतायत बघा. हरणाच्या मचाणावर बसलो की हेच भडवे माझी चहाडी करतात. जंगलात माणूस शिरला की बोंब मारल्याशिवाय राहायचे नाहीत."

आणि खरंच, पश्चिमेला एकच गिल्ला चालला होता. सगळी पलटण तिकडे धावली. अर्ध्या तासाने एका पोकळ झाडाशी पोचली, तर आत घुबड. वरून वीसेक निळे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"हात्तिच्या!" काँगस म्हणाला. "बरं, पुढच्या आरड्याकडे चला."

"मिस्टर रोगनेस, तुम्ही गाडीत बसा जरा," शेरिफचा माणूस म्हणाला. "तुमचा आवाजही बसलाय."

बसला होताच. सकाळपासून हाका मारून घशातून नुसती हवा येत होती. पण हालवर गाडीकडे वळला आणि चार पावलांवरच थबकला. आपण किती मूर्ख आहोत हे माणसाला कधीकधी फार उशिरा कळतं. निळे परक्यावर ओरडतात. ऑर्डिसवर ते एकोणीस वर्षांत कधी ओरडले होते? जिथे आरडाओरडा आहे तिथे ती नाही. जिथे चिडीचूप आहे, तिथे शोधायला हवी.

पूर्वेला, उखडलेल्या जुन्या रेल्वेलाइनच्या पलीकडे दलदल होती. तिकडून काहीही आवाज येत नव्हता. काँगसला सांगायला तो वळला, तर पलटण धुक्यात दिसेनाशी झालेली. तो एकटाच निघाला.

लाइन ओलांडली तसं पहिलं पाखरू दिसलं. फांदीवर, गप्प. मग दुसरं. धुक्यामागे सूर्य होता, आणि मागून उजेड आला की निळ्यांचा निळा रंग उरत नाही. सगळे मातकट, राखाडी दिसत होते. हालवरने सवयीने मोजायला सुरुवात केली. घरी येणारे चौदा. इथे चाळीसच्या वर झाले, तेव्हा त्याने मोजणं सोडलं. त्या दिवसांत परके थवे काठाकाठाने दक्षिणेला जातात. तेही थांबले होते. एकाचीही चोच हलत नव्हती. सगळ्यांच्या माना एकाच जागेकडे वळलेल्या.

तिथे ऑर्डिस बसली होती. पडलेल्या झाडावर, नाइटगाउनवर तपकिरी कोट, पाय घोट्यापर्यंत काळ्या पाण्यात. मांडीवर हात, हातात काही नाही. शेंगा नव्हत्याच. मग हे कशासाठी जमले होते?

त्याने एक पाऊल टाकलं आणि चाळीस गळे एकदम फुटले. त्याच्यावर. ज्यांना एकोणीस वर्षं खाऊ घातलं त्यांच्यासकट.

ऑर्डिसने मान वर केली. "ए नारिंगी! जागेवर थांब. घाबरवतोस का त्यांना?"

हालवरने जाकीट काढून तिथेच गवतात दडवलं. हळूहळू आवाज विरला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारची जागा थोपटली.

"बस. किती उशीर केलास!"

तो बसला. तिचे पाय हातात घेतले. ते माशासारखे गार होते आणि तिला ते कळतही नव्हतं. ओठ काळेनिळे पडले होते.

"घरी चल, ऑर्डिस," तो कुजबुजला.

"ही पाखरं गेल्याशिवाय नाही. माझ्यासाठी थांबलीयत."

"कशाला?"

"ते मला काय विचारतोस? त्यांना विचार."

तिला उचलायची ताकद चौऱ्याहत्तर वर्षांच्या हातांत नव्हती. फोनला रेंज नाही. घशाला हाकेपुरता आवाज नाही. ती मात्र त्याच्या खांद्याला टेकून, कित्येक महिन्यांत बोलली नव्हती इतकं नीट बोलत होती: "हालवर, तुझ्या बाहीचं बटण तुटलंय."

तिने नाव घेतलं होतं. तो दोन मिनिटं तसाच बसला. दोन मिनिटं जास्तच होती, हे त्याने पुढे स्वतःच काँगसला सांगितलं.

मग तो उठला, दहा पावलं मागे गेला, नारिंगी जाकीट घातलं आणि हात पसरून झाडांकडे चालत आला.

रान फाटलं. निळे डोक्यावरून सपासप जाऊ लागले. ऑर्डिस कोट घट्ट धरून ओंडक्याच्या टोकाला सरकली आणि किंचाळली, "कोण तू? माझ्या नवऱ्याला बोलवा! हालवर!"

तो थांबला नाही. गोल गोल चालत राहिला, हात उडवत राहिला, पाखरांना क्षणभर बसू दिलं नाही. शेवटी धुक्यातून काँगसचा गडगडाट आला, "तिकडे रे! पूर्वेला! निळे ओरडतायत!"

दोन दिवस हॉस्पिटलात काढून ऑर्डिस घरी आली. आता ती मागच्या पायरीवर बसते आणि निळे येतात, पूर्वीसारखेच, बुटांपाशी. हालवर स्वयंपाकघराच्या काचेआडून फोटो काढतो. त्याने बाहेर पाऊल टाकलं की सगळे छपरावर जातात आणि तो आत जाईपर्यंत बोंबलतात.

"अरे, ऑर्डिसचा तो जुना कोट घालून जा ना," काँगस म्हणाला.

"घातला," हालवर म्हणाला. "तोंड पाहिलंय त्यांनी माझं."