टाकांमधलं हिरवं तोंड

तो स्वित्झर्लंडचा चित्रकार रिसोडच्या बंगल्यात एक हिवाळा राहिला. आमचे हे केनवडहून त्याच्याकडे स्वयंपाकाला जायचे. धोंडा पडो त्या नोकरीवर, असं मी आजही म्हणते.

बर्फाच्या डोंगरांतला माणूस, पण भर उन्हात बसून रंगवायचा. ब्रश कमी, चाकूच जास्त. रंग नुसता थापायचा. झाड लाल, बैल निळा. त्याच्या देशातही लोक अशा चित्रांना हसतात, असं तो ह्यांना मोडक्या हिंदीत सांगायचा. दिसतं ते नाही, आत जाणवतं ते काढतो म्हणे. ह्यांचं तोंड त्यानं हिरवंगार काढलं, डोळ्यांच्या जागी काळी भोकं, आणि ते चित्र आम्हालाच दिलं. मग ह्यांना घेऊन दक्षिणेकडे फिरायला गेला. चार महिन्यांत येतो, असं हे सांगून गेले.

दीड वर्ष झालं, पत्र नाही. सासूबाई चित्रापुढे बसून असायच्या. एक दिवस म्हणाल्या, "हा जित्या मानसाचा रंग नाई. त्या गोऱ्याले आधीच दिसलं."

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देवात बसवतात. आता चांदी कुठली आणायची? सासूबाईंनी चित्रच टाकांच्या ओळीत ठेवलं, गंध लावलं आणि मला कुंकू पुसायला सांगितलं.

"काहून पुसू?" मी म्हटलं. "मढं पाह्यलं का कोनं?" शेजारणी समजूत घालायला आल्या, त्यांनाही वाटेला लावलं.

एका दुपारी हे दारात उभे. परमुलखात तापानं कित्येक महिने पडले होते, चित्रकार तसाच पुढं निघून गेला होता, मग मजुरी करत करत परतले. वाळलेले, पण जिवंत. मला रडू आवरेना. सासूबाईंनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाव्हना आला, पानी दे त्याले."

रोज आधी चित्राला नैवेद्य, मग ह्यांना ताट. दोन दिवस हे हसले. मग नैवेद्य होईस्तोवर स्वतःच ताटावर थांबू लागले. आठवड्यानं मी विहिरीवरून आले, तर हे आंघोळ करून देवापुढे बसलेले, स्वतःच्याच हिरव्या कपाळाला गंध लावत.

"हे काय करून राह्यले तुमी?"

त्यांनी मागं पाहिलं नाही. "माय चुकत नसन. तापात पडलो, तवा तिथंच राह्यलो असन मी."

सगळं गाव सांगत होतं तेव्हा मी घाबरले नव्हते. आता नवरा हाताच्या अंतरावर बसला होता, आणि मी कपाळ चाचपून पाहिलं, कुंकू आहे ना म्हणून.