सहा आठवडे उकलायचं नाही

"हायपोथायरॉइडिझम," तुमसरच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी शरीर चालतं ठेवणारं हार्मोन बनवते. माझी ते फार कमी बनवत होती. म्हणून बोटं सुजली होती आणि ऐन मे महिन्यात मी शाल पांघरून बसत होते.

मी फक्त बोटं दाखवायला गेले होते. आमचं घर विणकरांचं. तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न होतं आणि तिच्यासाठी मागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं लुगडं चढवलं होतं. करवती काठाचं, म्हणजे काठाला करवतीसारखे दात. त्याला दोघं लागतात, नवरा काठाच्या आडव्या धाग्याचा धोटा टाकतो. चार महिन्यांत दीड हातही कापड झालं नव्हतं.

"काम चांगलं झालं की बरं वाटतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चांगलं होतच नाही."

नवऱ्याला राहवलं नाही. "दिवसभर विनते, मॅडम, आन् संध्याकाळी उकलते. म्हणते, दात वाकडे आले. मले तं एकबी वाकडा दिसला नाही."

"तुमाले काय दिसते? चष्मा घरीच इसरले," मी म्हणाले.

गेल्या वर्षी प्रदर्शनात पहिला नंबर आला, तेव्हाही मला वाटलं होतं, परीक्षकांना काय कळतं.

"मन उदास असलं की हातचं चांगलं कामही बेकार वाटतं, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "थायरॉइड कमी असला की असं होतं. सहा आठवडे गोळी घ्या. तोवर उकलायचं नाही."

गोळी सकाळी उपाशीपोटी, नंतर अर्धा तास चहा नाही. चहाचंच जड गेलं. पहिले पंधरा दिवस काही फरक पडला नाही. तुम्हालाही पडणार नाही, म्हणून गोळी सोडू नका. संध्याकाळी माझा हात कापडाकडे जायचा. नवरा विणलेला भाग गुंडाळून त्यावर जुनं धोतर घट्ट बांधून ठेवू लागला.

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं. हार्मोन कमी पडलं की वाढणारा टीएसएचचा आकडा बराच खाली आला होता. घरी येऊन धोतर सोडलं आणि काठाचा एकेक दात तपासला. सुरुवातीला एक दात खरंच वाकडा होता. बाकी सगळे सरळ.

स्वतःचं सगळंच वाकडं दिसू लागलं तर आधी रक्त तपासून घ्या.

मी तो दात नवऱ्याला दाखवला. त्यानं चष्मा लावून पाहिला.

"आता उकलतेस का वं?"

"कायले? परीक्षकाइले कळत होतं. बसा, धोटा घ्या."