आरशाला लावलेला टिळा

खंडेनवमीला आमच्या कुरुंद्याच्या घरी औजारांची पूजा असते. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, हळद शिजवायची कढई असं सगळं मामा, म्हणजे माझे सासरे, धुऊन-पुसून, ढिले नट आवळून ओळीने मांडतात. त्या वर्षी मी दळण घेऊन आले, तर ओळीच्या शेवटी माझी दुर्बीण उभी. तिला झेंडूचा हारही होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दुर्बीण म्हणजे एक जाड नळी, तळाशी ताटाएवढा आरसा आणि वर तोंडाशी एक लहान तिरपा आरसा. दोन्ही एका रेषेत असले तरच चित्र नीट दिसतं. गल्लीत तिला ‘बाईंची तोफ’ म्हणत. दसऱ्याला सोनं वाटून झालं की शनीचं कडं दाखवते, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. नाही दिसलं, तर तोफेची कायमची फटाकडी झाली असती.

मी नळीत डोकावले. मामांनी मोठा आरसा काढून धुतला होता, उपरण्यानं पुसला होता आणि मधोमध घरच्या हळदीचा टिळा लावून परत बसवला होता.

“मागचे तीन स्क्रू ढिले व्हते. आवळून देल्ले,” ते म्हणाले.

आरसा रेषेत आणणारे ते स्क्रू मी तासभर खपून जुळवलेले होते. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. “मामा, विचारायचं तरी. सगळं बिघडवलंत तुमी,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. सासूबाई आत गेल्या. मामा म्हणाले, “तुहं औजार हाय म्हून पुजलं, माय. ज्याच्यावर मानूस मेहनत करतो, ते पुजावं लागतं.”

माझा चेहरा उतरला. या घरात आल्यापासून माझ्या कुठल्याच वस्तूला त्या ओळीत जागा मिळाली नव्हती. मिळाली, आणि मी वसकन अंगावर गेले होते. मला लाज वाटली. पण माफी मागायला जीभ वळेना.

दसऱ्याच्या सकाळी मी एकटीच जुळवायला बसले. नळीच्या वरच्या टोकाशी असलेल्या, डोळा लावायच्या भोकातून बघायचं तर हात मागच्या स्क्रूपर्यंत पोचेना. स्क्रू फिरवायला गेले की काय झालं ते दिसेना. मामा ओसरीवरून बघत होते. शेवटी म्हणाले, “मागचं काहून फिरवून राहिली? मोटार-पंप जोडताना आधी म्होरलं सरळ करावं, मंग मागलं.”

बरोबर होतं. मीच मुलांना शिकवते ते, पण रागात विसरले होते. आधी लहान आरसा सरळ केला. मग भोकाला डोळा लावून म्हटलं, “मामा, चुकलं माझं. मागचा स्क्रू धरता का?”

“कोन्ता?” इतकंच ते म्हणाले आणि पाना घेऊन आले.

मी सांगायची, ते फिरवायचे. “जरा डावीकडं. थांबा. पाव आटा मागं.” मधला टिळा हळूहळू सरकत भोकाच्या प्रतिबिंबात येऊन बसला. जुळवताना मध्य कळावा म्हणून कारखान्यातच आरशावर दिलेल्या काळ्या ठिपक्यावरच तो लागला होता, आणि ठिपक्यापेक्षा चांगला दिसत होता. मी पुसला नाही. उपरण्याचे ओरखडे मात्र आजही आहेत.

दिवेलागणीनंतर अंगणात रांग लागली. तोफ म्हणणारेच पुन्हा पुन्हा रांगेत येऊ लागले. मामा सगळ्यांत शेवटी आले. वाकले, आणि बराच वेळ हललेच नाहीत.

“दिसलं का?” मी विचारलं.

“व्हय. कडं हाय. बराबर गोल,” ते म्हणाले. मग घराकडं तोंड करून त्यांनी सासूबाईंना हाक मारली, “अगं, पोळ्या ऱ्हाऊ दे. आधी भायेर ये, सूनबाईनं काय दाखवलं ते बघ.”

चूल पेटलेली असताना त्यांनी सासूबाईंना बाहेर बोलावलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या आल्या, पिठाचे हात मागं धरून.