कोनशिला बसली तिथे

सांगलीच्या उमा आपटेने तेवीस वर्षं एकच काम केलं: विद्यापीठांच्या, कॉलेजांच्या आवारांचे आराखडे. वर्गातून ग्रंथालयाकडे मुलं कुठून चालत जातील, दुपारी कोणत्या भिंतीची सावली कुठे पडेल, याचाच तिला ध्यास. कागदावर तिची सहा आवारं होती. जमिनीवर मात्र दर वेळी आधी कमान उठायची, मग संस्थापकांचा पुतळा, आणि झाडांच्या जागी पार्किंग. ती सरावली होती. तरी वडूजजवळच्या माळावरचं हे सातवं आवार तसं होऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. मधून ओढा जातो, तो मोकळा ठेवायचा आणि ग्रंथालय वरच्या खडकावर बांधायचं. शिक्षणसंस्थेने नकाशा मंजूरही केला होता.

भूमिपूजनाला तिला जाता आलं नाही. आईला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तीन दिवसांनी ती साइटवर पोचली, तर ग्रंथालयाची कोनशिला थेट ओढ्याच्या पात्रात.

"कृष्णात, ही इथे कुणी बसवली?" तिने मुकादमाला विचारलं.

"मांडव हितंच घातला हुता, मॅडम. वर समदा खडक, खुट्या शिरंनात. हितं कशी आयती सपाट जागा."

"सपाट आहे, कारण हा ओढा आहे."

"ओढा कसला, आवं! चार वर्सांत म्हशीची शेपटी भिजली न्हाई यात."

"आणि पाचव्या वर्षी?"

"तवा मी दुसऱ्या साइटवर," कृष्णात हसला.

ती तशीच कराडला, संस्थेचे अध्यक्ष राजवर्धन यांच्याकडे गेली. त्यांनी चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नकाशा हलवता येतो, मॅडम. पूजेचा दगड नाही. आमच्या आईंनी स्वतःच्या हाताने खाली सुपारी ठेवलीय. उपटला, तर त्या मला उंबऱ्याच्या आत घेतील होय?"

"नकाशावर सही माझी असणार आहे."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय. पुण्याचे आर्किटेक्ट तयार आहेत. ते नकाशात ओढा दाखवणारच नाहीत."

आपण उठून गेलो, तर ओढ्याचं पाणी जायला जमिनीखालून एक नळसुद्धा कुणी टाकणार नाही, हे तिला कळत होतं.

तिने काम सोडलं नाही. ओढ्याची निळी रेघ पुसून तिथे तुटक रेघ काढली, म्हणजे जमिनीखालून जाणारे सिमेंटचे नळ. एवढे नळ पुरणार नाहीत, हे तिचं गणितच सांगत होतं. म्हणून तिने पुस्तकं वरच्या मजल्यावर नेली आणि तळमजल्यावर नुसते खांब ठेवले. पाणी आलंच, तर त्यांच्यामधून निघून जावं.

आठवड्याने संस्थेचा निरोप आला. तळमजल्याची जागा वाया जाते आहे, तिथे मुलींची अभ्यासिका करावी.

उमाने दोन दिवस नळांचं गणित पुन्हा करून पाहिलं; उत्तर तेच आलं. तिसऱ्या दिवशी तिने खांबांमध्ये भिंती आखल्या, टेबलं मांडली, दार कोणत्या बाजूला उघडेल ते दाखवलं, आणि खाली सही केली.